कणकुंबीला गाडी थांबवा की ओ!

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना जांबोटी सोडलं की रान सुरू होतं. शनिवारी सकाळी गोव्याच्या दिशेनं गाड्यांची रांगच असते. थांबल्याच तर घाटात फोटोपुरत्या. आम्ही घाटाआधीच्या कणकुंबी गावातच उतरलो.

माउलीच्या देवळाशेजारी मलप्रभेचा उगम. हे पाणी पूर्वेला जात कुडलसंगमाला कृष्णेला मिळतं. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्र गाठते. तिच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं भांडताहेत, आणि उगमाकडच्या गावांतली पोरं पोटासाठी गोव्यातच जातात!

जेवण बचत गटातल्या एका काकूंकडे सांगून ठेवलं होतं. नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी, लाल तांदळाचा भात आणि वर आग्रह. रान दाखवायला त्यांचा पुतण्या आला. आधी पणजीत हॉटेलात होता. झाडं, पक्षी त्याला मराठी नावानं ठाऊक, आणि अस्वलाची ताजी विष्ठा दिसताच त्यानं आम्हाला मुकाट्यानं मागं फिरवलं. असला वाटाड्या पुस्तकं वाचून तयार होत नाही.

"पैसा मिळतो काय?" मी विचारलं.

"सीझनला मिळतो. पण पावसात लोकं धबधब्याला येतात, आणि तेव्हाच फारेष्टवाले बंद करतात."

बंदी मला चुकीची वाटत नाही. निसरड्या दगडांवर दारू पिऊन नाचणारे मीही पाहिलेत. याच खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, जवळपास 190 चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं राउटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. तिथं गर्दी नकोच. पण नियम करताना गावाला विचारायला काय हरकत आहे? कुठली वाट कधी उघडायची, दिवसाला किती माणसं सोडायची, हे वनखातं आणि ग्रामपंचायतीनं बसून ठरवावं; सोबत गावचाच वाटाड्या सक्तीचा करावा आणि शुल्कातला वाटा गावाला द्यावा. नाहीतर रस्त्याकडेच्या जमिनी बाहेरचे घेणार, रिसॉर्ट उठणार, आणि हीच पोरं तिथं ताटं उचलणार.

काकूंना यातलं फारसं काही नको होतं. त्यांना एक संडास नीट बांधून हवा होता. "बायका पाहुण्या येतात, लाज वाटते की ओ."

जाणार असाल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. रोकड जवळ ठेवा. जेवणाचं आदल्या दिवशी कळवा, कारण तेव्हा भातकापणी असते आणि ऐनवेळी पोचलात तर काकू शेतातच भेटतील.