बेळगावच्या शर्यती उतारावर ठरतात

कोल्हापूरहून हायवेने येताना वंटमुरीचा घाट चढला, काकती मागे पडली की चढ संपला असं वाटतं. गाडीतून येणाऱ्याला पुढे बेळगाव सपाटच दिसतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे हे हवेवरून कळतं, पण रस्त्यांचा चढ-उतार स्कूटरवरून कळत नाही. स्कूटर तो गिळून टाकते. तो कळतो पळणाऱ्याला, आणि तोही शर्यतीच्या दिवशी, जेव्हा थांबायची मुभा नसते.

मी टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते आणि चाळिशीनंतर पळायला लागले. आमच्याकडे धावणं म्हणत नाहीत, पळणंच. आता हिवाळ्यात इथे होणाऱ्या रोड रेस आणि आसपासच्या गावांतल्या शर्यती मी सहसा चुकवत नाही. कधी दहा किलोमीटर, बहुतेक वेळा हाफ, म्हणजे 21.1 किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या पळणाऱ्यांना मी सतत बोलावत असते आणि ते एकच विचारतात : चढ किती आहे? मी म्हणते, चढाचं सोडा, उताराची तयारी करून या.

कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातून, सुरुवात करू, कारण इथल्या बऱ्याच शर्यती तिथूनच सुटतात. पहाटे साडेपाचला क्लब रोडच्या बाजूला गाड्या लागायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं असतं की शंभर पावलांवरचा माणूस आधी आवाजाने ओळखू येतो. कानटोपी घातलेले, शालीत गुंडाळलेले लोक बनियनवर उतरतात तेव्हा बघवत नाही. पण पहिल्या दोन किलोमीटरमध्येच तुम्हाला पटतं की पळायला याहून चांगली हवा दुसरी नाही. कॅम्पातले रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, आणि चढ इतका सावकाश की तो डोळ्याला दिसत नाही, घड्याळात दिसतो. आपण जोर तेवढाच लावतोय आणि किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद जास्त लागतात. नवखा माणूस इथे घाबरून वेग वाढवतो. जाणकार पाऊल आखूड करतो आणि श्वास आहे तसा ठेवतो.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथेच आहे, त्यामुळे शर्यतीत जवान असतातच. ते पहिल्या रांगेत उभे राहतात आणि सुटल्यावर पुन्हा दिसतात ते थेट उलट बाजूने परत येताना. ते दृश्य मला फार आवडतं. कोवळी पोरं, कुणी साताऱ्याकडचा, कुणी कोकणातला, कुणी आमच्या खानापूर तालुक्यातला. चेहऱ्यावर ताण नाही, खांदे सैल, टाचा जवळजवळ जमिनीला लागतच नाहीत. एकदा त्यातला एक जण आमच्या घोळक्याकडे बघून ओरडला, "मावशी, हात खाली सोडा, हात!" मी हात खाली घेतले आणि मानेचा ताण तत्क्षणी गेला. तो पोरगा कोण होता ते मला माहीत नाही, पण त्याचं वाक्य अजूनही प्रत्येक चढावर मी स्वतःला म्हणते.

शहराच्या आत आलात की डोंगर संपतो आणि पूल सुरू होतात. बेळगावच्या मधून रेल्वे जाते. टिळकवाडीत आम्ही पत्तासुद्धा पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असाच सांगतो. गेटावर ताटकळणं कमी व्हावं म्हणून उड्डाणपूल झाले : कपिलेश्वरचा, गोगटे सर्कलचा, आता तिसऱ्या गेटाचाही. गाडीवाल्यांची सोय झाली आणि आम्हाला चढ मिळाले. हे पूल लांबीला छोटे, पण चढ ताठ, आणि शर्यतीच्या मार्गात ते येतात तेव्हा पायात आधीचे किलोमीटर साचलेले असतात. सरावासाठी मात्र त्यांच्यासारखी सोय नाही. रविवारी पहाटे वाहनं सुरू व्हायच्या आत पुलावर दहा वेळा वर-खाली केलं की आठवडाभराचा चढ होतो. पूल उतरून काँग्रेस रोडला लागलं की पायांना जरा विसावा. 1924 च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि गांधीजी आयुष्यात एकदाच, इथेच, अध्यक्ष झाले. त्यावरून या रस्त्याला नाव पडलं. शाळेतली मुलं घेऊन मी तिथली अधिवेशनाच्या वेळची विहीर दाखवायला जाते. पण अधिवेशनाला आलेली माणसं कशी चालत आली असतील हा विचार मला पळतानाच सुचतो.

खरी परीक्षा राजहंसगडाची. येळ्ळूरचा गड म्हणा, दोन्ही नावं चालतात. शहराच्या दक्षिणेला, खानापूर रस्त्यावरून जाताना डावीकडे दिसणारा तो काळ्या दगडाचा छोटेखानी किल्ला. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, म्हणून सायकलवाले आणि पळणारे दोघांचंही ते दैवत. येळ्ळूर गाव संपेपर्यंत भाताची शेतं. दिवाळीच्या सुमाराला कापणी चालू असते आणि बासमतीचा वास रस्त्यापर्यंत येतो. शेतातून बायका हाक मारतात, "काय गं, कुठं पळत चाललीस? बस की जरा!" बसायचं नसतं, पण हात करायचा असतोच. गाव सुटलं की रस्ता वळणं घेत वर चढायला लागतो आणि बोलणं आपोआप कमी होतं. आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे : चढावर जो बोलू शकतो तो बरोबर वेगात आहे, ज्याला बोलता येत नाही त्याने चालावं. चालण्यात काही कमीपणा नाही. ताठ वळणांवर झपाझप चालणारा माणूस ओढत पळणाऱ्याला गाठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वर पोहोचलं की दरवाज्यातून आत सिद्धेश्वराचं देऊळ, जुनी विहीर, आणि 2023 पासून शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. तटावर उभं राहिलं की बेळगाव एका बाजूला पसरलेलं दिसतं आणि पश्चिमेला सह्याद्रीची निळी रांग. घाम वाऱ्याने दोन मिनिटांत सुकतो. इथेच लोकांना वाटतं की झालं, आता काय, उतारच तर आहे.

तो उतार नीट सांगायला हवा. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला ब्रेक लावत असतो. दर पावलाला. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती त्या वेळी अजिबात दुखत नाही. दम लागत नाही, घड्याळ सुंदर वेग दाखवतं, वारा अंगावर येतो. दुखणं उगवतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना. पण शर्यतीत उतारानंतर सपाट रस्ता उरलेला असेल तर त्याचा हिशेब तिथेच चुकवावा लागतो : मांड्या थरथरतात, गुडघा उचलला जात नाही. चढावर मागे पडलेली माणसं मला सावकाश पुढे जाताना दिसतात आणि उतारावर सुसाट गेलेली रस्त्याच्या कडेला पोटऱ्या चोळताना दिसतात. म्हणून आम्ही उताराचाही सराव करतो. पावलं आखूड आणि पटापट, अंग मागे न झुकवता रस्त्याला काटकोनात, पाय शरीराच्या खाली पडेल असा, टाच पुढे आपटायची नाही. आठवड्यातून एकदा, थोडाच. विशेष म्हणजे स्नायू हे लवकर शिकतो. एकदा उतार सोसला की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखतो. शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे गड उतरून घ्यावा तो एवढ्यासाठीच.

साताऱ्याला गेलो तेव्हा हे फार कामी आलं. सातारा हिल मॅरेथॉन म्हणजे सगळा चढ एकदम आणि सगळा उतार एकदम. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला वर जायचं आणि त्याच वाटेने परत. आम्ही बेळगावहून हायवेने निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड करत गेलो, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. घाटात पाऊस, ढग, आणि वाजंत्री. लोकांनी चढाची तयारी अप्रतिम केलेली होती. परतीच्या अर्ध्यात मात्र आमची बेळगावची मंडळी एकेकाला मागे टाकत खाली आली, आणि वेग न वाढवता. गडाने शिकवलेलं घाटाला चाललं.

आमच्या भागातल्या शर्यतींची आणखी एक गोष्ट मला दुसरीकडे सापडत नाही, ती म्हणजे रस्त्याच्या कडेची माणसं. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, उचगाव करत बाचीकडे जा. (मंगळवारी-शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीला गर्दी असते, त्या दिवशी हा रस्ता नको.) दर गावात कुणीतरी उभं असतं. एकजण "पळा, पळा" म्हणतो, शेजारचा तेच कानडीत "ओडी, ओडी" म्हणतो, आणि दोघे मिळून पाण्याचा तांब्या पुढे करतात. बाची संपून शिनोळी आली की महाराष्ट्र, चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. पायाखालचा चढ मात्र तोच चालू राहतो. या सीमेपायी आमच्या घरांतून लोकांनी तुरुंग पाहिलाय, आणि ते दुःख मी हलकं मानत नाही. तरी शर्यतीच्या सकाळी माझ्या पाठीवरचा नंबर बघून कानडी बोलणारी आजी माझ्यासाठी टाळ्या वाजवते, हेही तेवढंच खरं आहे आणि ते लिहून ठेवावंसं वाटतं.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मनापासून आहे. एका शर्यतीत शेवटच्या तासाभरात मागच्या लोकांसाठी काहीच उरलं नव्हतं. पाण्याची टेबलं उचललेली, चौकातले स्वयंसेवक गेलेले, वाहतूक सोडलेली. मागे राहिलेल्यांत साठीच्या पुढचे काका होते, पहिल्यांदा हाफ करणारी बाई होती. या लोकांनी पुढच्यांएवढीच फी भरलेली असते आणि ते रस्त्यावर जास्त वेळ असतात, उन्हात असतात. पाण्याची गरज खरं त्यांनाच जास्त. आयोजकांना माझं एवढंच सांगणं आहे की शेवटचा माणूस येईपर्यंत किमान एक गाडी, पाण्याचे कॅन आणि मीठ-साखरेची पाकिटं घेऊन त्याच्या मागे राहू दे. ज्या शर्यतीत हे केलं जातं तिथे पुढच्या वर्षी बायका दुपटीने येतात, हे मी आमच्याच ग्रुपमध्ये पाहते.

आणि बेळगावच्या पळणाऱ्यांबद्दल बोलताना फडेप्पा चौगुले यांचं नाव न घेणं मला जमत नाही. बेळगावचा हा माणूस 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाला. दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन जो पहिला भारतीय चमू पाठवला, त्यात ते होते. त्या वर्षीचं अंतर आजच्या 42.195 पेक्षाही जास्त, 42.75 किलोमीटर होतं. 42.195 हे प्रमाण अंतर ठरलं पुढच्या वर्षी, 1921 मध्ये. चौगुले 19 वे आले, 2 तास 50 मिनिटांच्या जरा वर. पळताना ताकदीसाठी चाटायचं जेल नाही, घड्याळ नाही, गादीचे बूट नाहीत. आज आमच्या शर्यतीत 42 किलोमीटर तीन तासांच्या आत करणाऱ्याला लोक वळून बघतात. वर्गात विचारलं तर एकाही मुलाला हे नाव माहीत नसतं, ही गोष्ट मला बोचते. शहरातल्या एखाद्या शर्यतीला त्यांचं नाव द्यायला काहीच खर्च येत नाही.

माझी दुसरी मागणी मार्गाची. शर्यत दरवेळी कॅम्प आणि मोठ्या रस्त्यांनीच का जावी? शहापूर, खासबाग, वडगावमधून न्या की एकदा. पहाटे सरावाला त्या गल्ल्यांतून जाताना घराघरातून मागांचा खटखट आवाज येतो, दारात सूत वाळत घातलेलं असतं, आणि विणकरांच्या बायका सडा टाकता टाकता रस्त्यातून बाजूला होऊन आम्हाला वाट देतात. अरुंद गल्ल्या आहेत, वळणं आहेत, हजार माणसं एकदम मावणार नाहीत हे मान्य. तीनशेंची दहा किलोमीटरची शर्यत सहज मावेल, आणि कपिलेश्वराचा पूल शेवटच्या किलोमीटरला ठेवला तर कुणी सोपी म्हणणार नाही.

बाहेरून येणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारी या. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा, संध्याकाळी मार्गावरून एक चक्कर चालत मारा, विशेषतः जिथे उतार आहे तिथे. शर्यतीनंतर कुठल्याही खानावळीत गरम उप्पीट मिळतं, त्यावर लिंबू पिळून घ्या. परतीच्या गाडीत मात्र पाय दुमडून बसू नका. निपाणीला उतरून पाच मिनिटं चाला, मग कोल्हापूरला पुन्हा.