आमची वाटचाल : पीएफ न लिहिलेली ऑर्डर

आमची फर्म वायरलेस सेटची फ्रिक्वेन्सी पक्की ठेवणारे क्वार्ट्झ क्रिस्टल बनवते. तिच्याबद्दल लिहायचं तर त्या परत आलेल्या लॉटबद्दलच लिहावं लागेल. बाकीची वर्षं चांगली गेली. माल बनला, माल गेला, पैसे वेळेवर आले. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सुरुवात दोघांनी केली. मी आणि माझे भागीदार. क्वार्ट्झच्या चकत्या घासून पातळ करणारं जुनं दुहेरी लॅपिंग मशीन, त्यांच्यावर चांदी चढवायला, म्हणजे प्लेटिंगसाठी, एक बेल जार (निर्वात घुमट) आणि एक कम्युनिकेशन रिसीव्हर, एवढंच भांडवल. रिसीव्हर कशाला, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. बिडाच्या दोन तव्यांमध्ये ब्लँक, म्हणजे क्रिस्टलच्या कच्च्या चकत्या, घासले जात असताना दाबामुळे त्यांच्यातून विद्युत संकेत निघतात आणि ते रिसीव्हरवर खरखरीसारखे ऐकू येतात. ब्लँक पातळ होत जातो तशी खरखर वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकते. खरखर डायलवर अरुंद जागेत ऐकू आली तर सगळे ब्लँक एकसारखे, पसरट आली तर ब्लँक धरून ठेवणारे कॅरिअर झिजलेत किंवा तवे सपाट राहिलेले नाहीत. 10 मेगाहर्ट्झच्या एटी ब्लँकची, म्हणजे ठरावीक कोनात कापलेल्या ब्लँकची, जाडी जेमतेम 0.166 मिलिमीटर. भागीदार डोळे मिटून बसत आणि नेमक्या क्षणी मशीन थांबवत. तसा कान मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

कापण्याच्या कोनाच्या बाबतीत आम्ही कधीच तडजोड केली नाही. एटी कट 1934 मध्ये बेल लॅबमधून बाहेर आला, तेव्हापासून गणित तेच आहे : 35 अंश 15 मिनिटांच्या आसपास. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली की तापमानाचा वक्र बदलतो, आणि पुढे कितीही सुंदर लॅपिंग केलं तरी ते भरून निघत नाही. म्हणून एक्स-रेवर न तपासलेला ब्लँक आमच्याकडे तव्यावर चढत नाही. लॅपिंगनंतरचं एचिंगही आम्ही कधी टाळलं नाही. घासताना पृष्ठभागाला आलेला दुखावलेला थर काढला नाही तर क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी पुढे वर्षानुवर्षं सरकत राहते.

आता ती ऑर्डर. वायरलेस सेट बनवणारी एक मोठी कंपनी. 10 मेगाहर्ट्झ, एचसी-49 डबी, फंडामेंटल (मूळ कंपनावर चालणारा), 'पॅरलल रेझोनन्स' (सर्किटच्या कपॅसिटन्ससह चालणारा), फरक 20 पीपीएमपर्यंत (दशलक्षात 20 भाग). लोड कपॅसिटन्सचा, म्हणजे सर्किटमध्ये क्रिस्टलला किती पीएफ (पिकोफॅरड) कपॅसिटन्स दिसणार त्याचा, रकाना कोरा. आम्ही लेखी विचारलं. लेखीच उत्तर आलं : मागच्याप्रमाणे. मागचे सगळे लॉट 30 पीएफला होते, म्हणून 30 पीएफला कॅलिब्रेट केले, पाय-नेटवर्क या मोजणीच्या जोडणीवर एकेक नग मोजला, रिपोर्ट जोडले आणि पाठवले. मधल्या काळात त्यांच्या नव्या इंजिनिअरने सर्किट बदललं होतं आणि क्रिस्टलला आता 20 पीएफच्या जवळपास लोड दिसत होता. लोड कमी झाला की फ्रिक्वेन्सी वर जाते. अशा क्रिस्टलमध्ये 30 आणि 20 पीएफमधला फरक शंभराच्या वर पीपीएम जातो, म्हणजे 10 मेगाहर्ट्झवर हजार हर्ट्झहून जास्त. सगळा लॉट 'ऑफ फ्रिक्वेन्सी' असा शिक्का मारून परत.

सीलबंद डबीत पुन्हा चांदी चढवून फ्रिक्वेन्सी बदलता येत नाही. पण उपाय त्यांच्याच बोर्डावर होता. मी सोल्डरिंग आयर्न आणि सुटे कपॅसिटर घेऊन त्यांच्या लॅबमध्ये गेलो. क्रिस्टलच्या दोन्ही पायांना 27 पीएफचे कपॅसिटर होते. सिरीजमध्ये साडेतेरा, वर ट्रॅकचे पाच-सहा. तिथे 47 चे लावले आणि काउंटर दाखवला. आकडा 10 मेगाहर्ट्झवर येऊन बसला. परचेसवाले म्हणाले, बोर्ड बदलणार नाही. आमचं पत्र त्यांच्या फाइलमध्ये होतं, त्यांचं उत्तर आमच्याकडे होतं, तरी नुकसान आमच्याच माथी आलं.

त्याच आठवड्यात आमचा एक स्पर्धक तिथे नमुने घेऊन पोचला. पत्रकावर ठळक अक्षरात '10 पीपीएम'. कुठले 10? 25 अंशांवरच्या कॅलिब्रेशनचे, की पूर्ण तापमानाच्या पट्ट्यातल्या स्थिरतेचे? पत्रकावर काही नाही. 'त्यांना फ्रिक्वेन्सीच जमत नाही' असं आमच्याबद्दल सांगत तो सगळीकडे फिरला आणि लोकांनी ते ऐकलं. ऑर्डरी आटल्या. भागीदारांनी घरच्या जबाबदारीमुळे अंग काढून घेतलं, त्यांना मी दोष देत नाही. बेल जारचा व्हॅक्यूम पंप विकायची बोलणी सुरू झाली होती.

पंप वाचला तो एका ग्राहकामुळे. जुने सेट दुरुस्त करणारा एकटा माणूस, कधी एक नग, कधी दोन, त्याही चमत्कारिक फ्रिक्वेन्सीच्या. पण त्यांची चिठ्ठी म्हणजे नमुना : फ्रिक्वेन्सी सहाव्या दशांशापर्यंत, फंडामेंटल की थर्ड ओव्हरटोन (साधारण तिप्पट कंपन), सिरीज की लोड, लोड असेल तर किती पीएफ, 25 अंशांवरची टॉलरन्स वेगळी, तापमानाचा पट्टा आणि त्यातली स्थिरता वेगळी, ड्राइव्ह लेव्हल (क्रिस्टलला मिळणारी शक्ती), कमाल रेझिस्टन्स. त्या महिन्यात त्यांनी न बनलेल्या मालाचे पैसे आगाऊ पाठवले आणि ओळखीच्या चार सेटवाल्यांना आमच्याकडे धाडलं.

स्पर्धकाचे क्रिस्टल त्यांनीच एकदा ओव्हनमध्ये ठेवून मला दाखवले. खोलीच्या तापमानाला उत्तम. गरम होत गेले की एका ठरावीक अंशावर रेझिस्टन्स एकदम चढायचा आणि ऑसिलेटर बंद पडायचा. दोन अंश पुढे गेलं की पुन्हा चालू. यालाच ॲक्टिव्हिटी डिप म्हणतात. ब्लँकचा आकार आणि कडा नीट न सांभाळल्याचं फळ. गार खोलीत तपासणाऱ्याला ते आयुष्यभर दिसत नाही.

इथे नव्या मुलांना चार गोष्टी सांगतो. 'पॅरलल' एवढंच लिहू नका, पीएफ लिहा. थर्ड ओव्हरटोनचा 27 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल साध्या सर्किटमध्ये घालून 9 च्या आसपास चालला, तर क्रिस्टलला शिव्या देऊ नका. तिसरा ओव्हरटोन निवडणारं ट्यून्ड सर्किट तुम्ही लावलेलं नाही. ओव्हरटोन फंडामेंटलच्या बरोबर तिप्पट नसतो, म्हणून भागाकार करून ऑर्डर देऊ नका. आणि पाय डबीच्या बुडाशी वाकवू नका. काचेच्या मण्याला तडा गेला की आतला नायट्रोजन निघून जातो, हवा शिरते आणि फ्रिक्वेन्सी सरकू लागते.

ती कंपनी पुढे परत आली. त्यांचे सेट उन्हात बंद पडू लागले होते. दिलगिरीचा शब्द नव्हता, पण ऑर्डरवर लोड कपॅसिटन्स 20 पीएफ असं टाइप केलेलं होतं. आम्ही माल दिला आणि आजही देतो. आमच्या छापील फॉर्मवर तो रकाना कोरा असेल तर ऑर्डर वहीत चढत नाही, मग ग्राहक कितीही मोठा असो. स्पर्धकाच्या पत्रकावर मात्र अजूनही नुसतंच '10 पीपीएम' आहे.