विशी-तिशीतलं हृदय मोजायचं कसं?

"सिस्टर, ईसीजी नॉर्मल आहे ना? मग झालं तर!" नोकरीला लागण्याआधीच्या तपासणीसाठी येणारी मुलं-मुली हे म्हणतात, कागदाची घडी घालतात आणि निघतात. मला त्यांना परत खुर्चीत बसवावंसं वाटतं. ईसीजी हृदयातल्या विद्युत लहरींबद्दल सांगतो, तेही त्या काही सेकंदांपुरतं. ठोके नियमित पडतात का, एखाद्या कप्प्यावर ताण आहे का, लहरींच्या वाटेत जन्मजात काही गडबड आहे का, याचा अंदाज त्यातून येतो आणि तो कामाचाच असतो. पण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबी साठू लागली आहे की नाही, हे त्या आलेखावर उमटत नाही.

आणि साठायला सुरुवात याच वयात होते. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली, त्याचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सैनिकांचं सरासरी वय होतं २२. त्यातल्या सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा रोगाच्या खुणा होत्या. ही धडधाकट, लढायला पाठवलेली मुलं होती. पुढे अमेरिकेतल्याच बोगालुसा गावात १९७३ पासून लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली जी मुलं पुढे अपघातात किंवा अन्य कारणांनी दगावली, त्यांच्या शवविच्छेदनातून दिसलं की वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांतल्या जितक्या गोष्टी बिघडलेल्या, तितका रक्तवाहिन्यांतला रोग जास्त.

म्हणून तरुण माणसाच्या हृदयाची तपासणी म्हणजे 'आज रोग आहे का' हा प्रश्न नव्हेच. रक्तवाहिन्यांवर रोज किती भार पडतोय आणि तो किती वर्षं पडणार आहे, हे मोजायचं असतं. अमेरिकेतल्या कार्डिया अभ्यासाने १९८५-८६ मध्ये चार शहरांतल्या १८ ते ३० वयाच्या ५,११५ जणांना नोंदवून घेतलं आणि पुढची कित्येक दशकं त्यांचा पाठपुरावा केला. तरुणपणापासून किती एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, किती वर्षं अंगात वागवलं, याचा चाळिशीनंतरच्या हृदयविकाराशी थेट संबंध त्यातून दिसला. व्याजासारखं आहे हे: मुद्दल लहान असलं तरी वर्षं फार असतात.

धोका मोजायची नेहमीची गणितं मात्र या वयाला उपयोगी पडत नव्हती. २०१३ चं अमेरिकी गणित चाळिशीपासून पुढचं होतं आणि मुख्य भर पुढच्या १० वर्षांवर. तरुणाचा १० वर्षांतला धोका नगण्यच निघणार, मग त्याचं एलडीएल काहीही असो. २०२३ मध्ये आलेलं 'प्रिव्हेंट' हे गणित तिशीपासून सुरू होतं आणि साठीच्या आतल्यांना ३० वर्षांचाही धोका सांगतं. ही मोठी सुधारणा आहे. पण पंचविशीच्या मुलीला मी काय सांगू?

तिला मी आठ गोष्टींचे गुण काढून दाखवते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये सात घटक ठरवले होते, २०२२ मध्ये त्यात झोप धरून आठ केले: आहार, व्यायाम, निकोटिन, झोप, वजन, कोलेस्टेरॉल, साखर, बीपी. प्रत्येकाला शून्य ते १०० गुण आणि शेवटी सरासरी. ८० किंवा त्याहून जास्त उत्तम, ५० च्या खाली वाईट. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात पास-नापास नाही.

मागे एक २६ वर्षांची मुलगी आली होती. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही, औषध लागावं असं काही नाही. आम्ही दोघींनी मिळून हिशोब केला. वजन उंचीला साजेसं, १००. साखर व्यवस्थित, १००. आहाराचे ५०. आठवड्याला तासाभरापेक्षा थोडं जास्त चालणं, ६०. बीपी १२४/७६, म्हणून ७५. नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल (एकूण कोलेस्टेरॉलमधून 'चांगलं' एचडीएल वजा केल्यावर उरतं ते) १४२, त्याचे ६०. सिगरेट तिने कधी ओढली नव्हती, पण घरातलं कुणी घरातच ओढायचं, त्याचे २० वजा होऊन ८०. झोप साडेपाच तास, ४०. बेरीज ५६५, सरासरी ७१ च्या आसपास. "म्हणजे सगळ्यात कमी झोपेला?" ती म्हणाली. हो. ती सात तासांवर गेली तर त्या एका रकान्यात थेट १०० मिळतात. हे तिला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, कारण झोप प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येत नाही.

आता बीपीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. खुर्चीत पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसायचं, मोबाइल बाजूला. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. लघवी तुंबलेली नको. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नको. घट्ट बाही वर सरकवली तर दंडाला काच बसतो, त्यामुळे हात बाहीतून मोकळाच करायचा. दंडाला खालून आधार आणि पट्टा हृदयाच्या पातळीत. हात लोंबकळत ठेवला की आकडा वर जातो. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. व्यायामाने कमावलेल्या दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त दिसतं आणि चांगल्या धट्ट्याकट्ट्या पोराला धसका बसतो. पट्टा फुगत असताना तो बोलत नाही आणि मीही काही विचारत नाही. मिनिटभर थांबून पुन्हा मोजते, दोन्हींची सरासरी लिहिते.

एवढं करूनही दवाखान्यातला आकडा फसवू शकतो. काहींचं बीपी आमच्यासमोर वाढतं, काहींचं आमच्यासमोर बरोबर आणि एरवी जास्त. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो कुणाच्या नजरेत येत नाही. शंका असेल तर दंडावर लावायच्या खात्रीच्या यंत्राने घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगते.

बऱ्याच जणांना याऐवजी मोठी तपासणी हवी असते. सीटी स्कॅनवरचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं मोजमाप, विशीत जवळजवळ नेहमी शून्य येतो, कारण सुरुवातीच्या मऊ साठ्यात अजून कॅल्शियम उतरलेलंच नसतं. त्या शून्यावर विसंबून सिगरेट चालू ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. छातीत दुखणं, व्यायाम करताना चक्कर येणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू असं काही असेल, तर गोष्ट वेगळी; तेव्हा डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करायलाच हव्यात. एरवी विशीपासून दर चार ते सहा वर्षांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुरतं. नॉन-एचडीएलसाठी उपाशीपोटी येण्याचीही गरज नसते.

याशिवाय आयुष्यात एकदा करावी अशी एक तपासणी आहे, लायपोप्रोटीन-ए. हा रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, एलडीएलसारखाच एक कण. ते प्रमाण बहुतांशी आनुवंशिकतेने ठरतं आणि पुढे फारसं बदलत नाही. दर डेसीलिटर रक्तामागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे अधिक काटेकोर ठेवावे लागतात.

आणि एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं, तर ते आहारावर ढकलून सोडून देऊ नका. सडपातळ, रोज मैदानावर खेळणाऱ्या मुलांमध्येही ते सापडतं. अशा वेळी 'फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया' या एलडीएल वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते. साधारण २५० जणांत एकाला हा दोष जन्मतः असतो आणि तो लवकर कळला तर औषधांनी चांगला आटोक्यात राहतो. असा रिपोर्ट हातात आला की मी त्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवण्याआधी भावंडं किती ते विचारते, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला तोच दोष असण्याची शक्यता निम्मी असते आणि त्यांची तपासणी बहुतेक वेळा कुणी केलेलीच नसते.