तोंडाचे पैसे नाही भेटत

"माय, तोंडाचे पैसे नाही भेटत, वजनाचे भेटते." सोनार आजीले म्हणाला न तिचे मकरतोंडी तोडे काट्यावर ठेवले. त्याआधी तोड्यावरच्या मकराच्या डोळ्यातले लाल खडे टोचून काढले, आतली लाख काढली, सगळं वजनातून वजा.

आता मकर म्हणजे नुसती मगर नाही बरं, सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाचं, गंगेचं वाहन आहे ते, जुन्या देवळांच्या दारावर गंगा त्याच्यावरच उभी असते अन् तिथं आपण हात जोडतो. सोन्यात असला की भट्टीत, बदल्यात २२ कॅरेट ९१६ हॉलमार्कवालं, मशीनचं, गावभर सेम.

आजीचंही चुकलं नाही म्हणा, नातीचं लग्न आहे. मी फोटो तेवढा काढून घेतला.

तुमच्या घरी आहे का असं काही, की गेलं?