ब्रेक कमी दाब: मोल्वेनोच्या रानातली ट्रायथलॉन

म्युनिकहून मोल्वेनोला जायचं म्हणजे ब्रेनरची खिंड ओलांडून आल्प्सच्या पलीकडे उतरायचं. ऑस्ट्रियाचा टोल भरत, ट्रकांच्या रांगेमागे रखडत एकदा इटलीत शिरलं की पाट्या दोन भाषांत दिसायला लागतात, ऊन जरा मोकळं होतं आणि आदिजे नदीच्या खोऱ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना सफरचंदाच्या बागा सुरू होतात. सप्टेंबरात तोडणी जोरात असते. क्रेट लादलेले ट्रॅक्टर गाडीपुढे येतात आणि काही केल्या बाजूला होत नाहीत. सान मिकेलेपाशी महामार्ग सोडायचा, मग फाई, आंदालो आणि शेवटी मोल्वेनो. घाट आपल्या पसरणीसारखाच वळणावळणाचा, फक्त खड्डे नाहीत. माझ्या सायकलीने गाडीच्या मागच्या रॅकवर सगळा प्रवास निमूटपणे केला. तिला पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत नव्हतं, मला होतं.

शर्यत होती एक्स्टेराची जागतिक स्पर्धा, सप्टेंबर २०२३. आयर्नमॅन म्हणजे काय हे आता पुण्या-कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण एक्स्टेरा म्हटलं की अजून भुवया उंचावतात. पोहणं, सायकल आणि पळणं, क्रम तोच. फरक एवढाच की डांबर जवळपास नसतंच. दीड किलोमीटर तळ्यात पोहायचं, मग सुमारे तीस किलोमीटर माउंटन बाइक, त्यात हजार मीटरहून जास्त चढ, आणि वर दहाएक किलोमीटर जंगलातल्या पायवाटेनं पळायचं. आकडे ऐकून रस्त्यावरचे ट्रायथलीट हसतात. हसू दे. मुळांनी विणलेल्या उतारावर तीस किलोमीटर सायकल हाकणं आणि गुळगुळीत हायवेवर तीस किलोमीटर मारणं यांची तुलनाच होत नाही.

हा प्रकार सुरू झाला १९९६ मध्ये हवाईच्या माउई बेटावर. पुढची पंचवीसेक वर्षं जागतिक स्पर्धा म्हणजे माउई हे समीकरण होतं. २०२२ मध्ये ती उचलून डोलोमाइट पर्वतांच्या कुशीत, मोल्वेनोला आणली. माझी निवड कशी झाली म्हणाल, तर पात्रता शर्यतीत माझ्या वयोगटातल्या पुढच्या दोघींनी आपली जागा नाकारली आणि ती सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. याला इथे कुणी कमीपणा मानत नाही. निम्म्याहून जास्त लोक असेच आलेले असावेत असा माझा संशय आहे.

गाव चिमुकलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी डोंगराचा कडा कोसळून दरी अडली आणि हे तळं तयार झालं. गेल्या शतकात वीज प्रकल्पाच्या कामासाठी पाणी उपसलं तेव्हा तळाशी बुडालेल्या जुन्या जंगलाचे बुंधे उभे दिसले म्हणे. ही माहिती मी पोहण्याच्या आदल्या दिवशी वाचायला नको होती. वर मान केली की ब्रेंटा डोंगररांगेचे राखाडी सुळके, खाली हिरवं-निळं पाणी, आणि काठावर कचऱ्याचे डबे, ज्यांचं झाकण अस्वलाला उघडता येऊ नये अशा कळीचं. अस्वलं खरोखरच आहेत. इथली नामशेष होत आली म्हणून १९९९ पासून स्लोव्हेनियातून आणून सोडली आणि ती चांगलीच वाढली. २०२३ च्याच एप्रिलमध्ये जवळच्याच दुसऱ्या खोऱ्यात जंगलात पळायला गेलेल्या एका तरुणाचा अस्वलाच्या हल्ल्यात जीव गेला होता. गावात त्यावर दोन तट. आमची घरमालकीण पिंजऱ्याच्या बाजूची, तिचा नवरा अस्वलाच्या बाजूचा. नाश्त्याच्या टेबलावर रोज खडाजंगी.

सायकली जमा करायच्या रांगेत माझ्यापुढे एक अमेरिकन काका होते. सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यावर ऑपरेशनची उभी खूण, सायकल माझ्यापेक्षा जुनी वाटावी अशी. कोलोरॅडोतल्या दुरांगोचे. दुरांगो म्हटल्यावर नेड ओव्हरेंडचं नाव निघणारच होतं आणि काकांनी ते माझं नाव विचारायच्या आधी काढलं. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये दुरांगोलाच झाली आणि ती ओव्हरेंडनं जिंकली. पुढे चाळिशी उलटल्यावर तो एक्स्टेरात उतरला आणि १९९८ नि १९९९, दोन्ही वर्षं माउईत पहिला आला. ‘पोहण्यात मागे पडायचा, मग सायकलवर एकेकाला उचलत यायचा,’ काका सांगत होते, जणू कालच बघून आलेत.

काकांकडे माउईच्या गोष्टींचं गाठोडंच होतं. जेमी व्हिटमोरची गोष्ट मी आधी वाचली होती, पण वाचणं वेगळं आणि तिच्या वेळच्या माणसाकडून ऐकणं वेगळं. २००४ ची जगज्जेती. २००८ मध्ये कॅन्सर निघाला, शस्त्रक्रियेत डाव्या बाजूचे स्नायू आणि पायाची मुख्य नस गेली, पाऊल उचलता येईना. मग जुळी मुलं झाली, मग ती पायाला ब्रेस लावून पुन्हा एक्स्टेरात उतरली, आणि २०१६ ला रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगचं सुवर्ण घेऊन आली. काकांना यात सुवर्णाचं कौतुक फारसं नव्हतं. ते सांगत होते की उजव्या पायाने ओढून पेडल फिरवायला शिकताना तिने आपली अख्खी पेडल मारायची पद्धत मोडून नवी बसवली. ‘ते बघायला हवं,’ एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडच्या लेस्ली पॅटरसनची. तीही अनेकदा जगज्जेती. तिच्याकडे पहिल्या महायुद्धावरच्या एका जर्मन कादंबरीचे सिनेमाचे हक्क होते आणि ते टिकवायला दरवर्षी पैसे भरावे लागत. एका वर्षी पैसे संपले. कोस्टा रिकातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ती सायकलवरून पडली आणि खांदा मोडला. दुसऱ्या दिवशी एका हाताने पोहली, शर्यत जिंकली आणि बक्षिसाच्या पैशांतून हक्क राखले. त्या सिनेमाच्या पटकथेसाठी २०२३ च्या फेब्रुवारीत तिला सहलेखकांसह बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. तो सिनेमा मी म्युनिकमध्येच पाहिला होता, पण त्यामागे एका मोडक्या खांद्याची कमाई आहे याची कल्पना नव्हती.

खरं सांगायचं तर अशा गोष्टींचा मला थोडा कंटाळा आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर उगवत्या सूर्यासोबत ढिगाने येतात त्या. माणूस पडला, उठला, जिंकला, आता तुम्हीही उठा. मला त्यात नेहमी मधला भाग हवा असतो. उठला म्हणजे नेमकं काय केलं? हात कुठे टेकला?

तो मधला भाग मला दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी, बघायला मिळाला. शेजारच्या रॅकवर एक चेक मुलगी, तिशीची असेल, डावा हात कोपराच्या खाली नाही, जन्मापासूनच. मी चोरून तिची सायकल बघत होते, तिनेच बोलावून दाखवली. हँडलच्या डाव्या टोकाला एक छोटी वाटी बसवलेली, त्यात कोपर टेकवायचं. ते बांधलेलं नसतं, नुसतं टेकवलेलं. पडायची वेळ आली तर लगेच सुटलं पाहिजे. उजवीकडे एकच ब्रेकची मूठ, तिच्यातून तेलाच्या दोन नळ्या फुटून एक पुढच्या डिस्कला, एक मागच्या. म्हणजे पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा दाबायची सोय नाही. गिअरची कळ आणि सीट खाली घ्यायची कळही उजव्याच अंगठ्याला. वेटसूटची डावी बाही कापून शिवलेली, आत पाणी शिरू नये म्हणून कडेला रबराची पट्टी. हे सगळं तिने आणि तिच्या भावाने घरच्या गॅरेजमध्ये चुकत-माकत जमवलं होतं.

मी विचारलं, ‘उतारावर कसं सांभाळतेस?’

ती म्हणाली, ‘ब्रेक कमी दाबते. काल सरावात तुला पाहिलं. तू फार ब्रेक दाबतेस.’

पहाटे साडेसहाला, अनोळखी बाईकडून, न मागता. मला ती तिथेच आवडली.

एलिट मंडळी आमच्या आधी सुटली. त्या दिवशी फ्रान्सचाच झेंडा होता. आर्थर सेरिएर आणि सोलेन बियुअँ यांनी २०२२ प्रमाणे पुन्हा दोन्ही विजेतेपदं नेली. आम्हाला त्यांचे फक्त पाण्यात उडणारे हात दिसले.

पोहण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाणी गार, वेटसूट घट्ट, सुरुवातीला लाथाबुक्क्या. मी वाईजवळ विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली. खोल आणि काळ्या पाण्याची भीती तेव्हाच गेली. बुडालेल्या जंगलाचा विचार मात्र दोनदा आलाच.

पाण्यातून निघून सायकलपाशी आले तर चेक मुलीचा रॅक रिकामा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही हा नियम, आणि गारठलेल्या बोटांनी मला ते बक्कल लागेना. ती एका हाताने लावून गेलीसुद्धा होती.

चढ लांबलचक. आधी रुंद जंगलवाट, मग स्प्रूसच्या झाडांतून चिंचोळी पायवाट. मागून ‘सिनिस्त्रा!’ अशी हाक आली की उजवीकडे सरकायचं, डावीकडून कुणीतरी धापा टाकत पुढे जातं. वळणावळणावर गावकरी गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत ‘दाई, दाई!’ ओरडतात, म्हणजे चल, चल. चढावर मी बरी आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चढाचं काय?

खरी परीक्षा उतारावर. सावलीतली मुळं सकाळी ओलसर असतात आणि त्यावरून तिरकं चाक गेलं की खाली गेलंच. एका टप्प्यावर मुळांची पायरी होती, गुडघाभर उंच. तिथे गर्दी. तरणीताठी मुलं सायकलवर बसूनच ती पायरी उतरायचा हट्ट करत होती आणि दर तिसरा आडवा होत होता. तेवढ्यात मागून आमचे दुरांगोचे काका आले. पायरीच्या बरोबर दोन सायकलींएवढं आधी उजवा पाय मागून फिरवून डावीकडे उतरले, चालती सायकल हातात, तीन पावलं खाली, आणि तिसऱ्या पावलाला पुन्हा सीटवर. कुठे थांबणं नाही, घाई नाही. पडलेली मुलं चेन बसवत असताना काका दोन वळणं पुढे गेले होते. मी त्यांच्या मागे लागले. पुढच्या अवघड जागीही तेच, तेवढंच अंतर आधी, त्याच बाजूला. तिसऱ्या जागी मीही तसंच केलं. उतरणं म्हणजे हार, हे डोक्यात कुणी भरवलं होतं कोण जाणे. सत्तरीतला माणूस कुठे सायकलवर बसायचं आणि कुठे पायी जायचं हे आधीच ठरवून आला होता. त्याच्या गुडघ्याला दुसरं ऑपरेशन नको होतं आणि त्याला माझ्या पुढे राहायचं होतं. दोन्ही जमलं.

जिथे मुळं नव्हती, नुसता उतार आणि बांधीव वळणं होती, तिथे मी ब्रेक कमी दाबून पाहिला. वळणाआधी एकदा काय तो दाबायचा, वळणात सोडून द्यायचा. चाक आपणहून वाट धरतं. पोटात गोळा आला, पण सायकल पहिल्यांदाच सरळ गेली.

पळताना मांड्या दगड झाल्या होत्या. वाट कधी जंगलात, कधी तळ्याच्या काठाने, मध्ये एक असा चढ की सगळे हात गुडघ्यावर ठेवून चालत होते. त्या चढावर चेक मुलगी भेटली. पोटात कळ येऊन ती बाजूला वाकून उभी होती. मला वाटलं थांबावं. तिने हातानेच ‘जा’ केलं. जरा वेळाने ‘सिनिस्त्रा!’ ओरडत तीच मला मागे टाकून गेली आणि जाताना ‘ब्रेक!’ म्हणाली. पळताना कसला ब्रेक, पण हसू आलं. शेवटपर्यंत मी तिची पाठ गाठायचा प्रयत्न केला. नाही गाठली. पळायची एवढी ईर्षा मला आजवर कुठल्या भाषणाने दिली नव्हती.

वेळ सांगत नाही. कटऑफच्या आत आले, एवढं पुरे. संध्याकाळी पोलेंटा आणि मशरूमच्या ताटावर काका, चेक मुलगी, तिचा भाऊ आणि मी. भावाने रुमालावर ब्रेकच्या नळ्यांचं चित्र काढून दिलं. साताऱ्यातला माझा एक मित्र अपघातानंतर एका हाताने स्कूटर चालवतो, सायकल मात्र त्याने सोडली होती. चित्राचा फोटो त्याला तिथूनच पाठवला. उत्तर आलं, ‘नळी इथे कुठे मिळेल?’

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच विषय आहे. धोमच्या जलाशयात पोहायचं, पाण्याच्या कडेकडेने सायकल मारत वासोळ्याला यायचं आणि तिथून कमळगडावर पळत जायचं, काव-विहिरीला टेकून परत. कागदावर मोल्वेनोला तोडीस तोड आहे. अडचणी वेगळ्याच आहेत. जलाशयात उतरायची परवानगी पाटबंधारे खात्याची, जंगलातली वनखात्याची, आणि बचावाच्या होड्या कुठून आणायच्या हा प्रश्न आहेच. शिवाय पावसाळ्यानंतर गवत कधी वाळतं आणि वाट कधी दिसायला लागते यावर दोन तट पडलेत. मित्राचं म्हणणं डिसेंबर. तो सध्या कारखान्याच्या रस्त्यावर सरावाला जातो. नळी शेवटी पुण्यातल्या एका मोटारसायकलच्या मेकॅनिकने जमवून दिली, मागचा ब्रेक अजून थोडा हवा घेतो.