काकू, ती नोट खोटी आहे

हाँगकाँगचे सिनेदिग्दर्शक जॉन वू ह्यांच्या पुढच्या सिनेमाची मी एवढी वाट का बघतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी पेनड्राइव्ह न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी कटिंग पाजतो, बाकी राहिलेल्या पैशांची आठवण करून देतो आणि वाटेला लावतो.

ठाण्यात नौपाड्याला माझी एडिटिंगची खोली आहे. दहा बाय बारा, दोन मॉनिटर, कोपऱ्यात छोटा देव्हारा. देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर एक जुनं पोस्टर आहे. काळा गॉगल, लांब कोट आणि पेटत्या नोटेवर सिगारेट शिलगावणारा एक चिनी माणूस. लग्नाचा व्हिडिओ बघायला मुलीकडची पाच-सहा माणसं दाटीवाटीने बसतात आणि त्यातल्या एखाद्या काकूंची नजर हमखास तिकडे जाते. "अहो, देवाशेजारी लक्ष्मी जाळणारा माणूस कशाला लावलाय?"

मी म्हणतो, "काकू, ती नोट खोटी आहे." खरंच खोटी आहे. १९८६ च्या 'अ बेटर टुमॉरो'मध्ये हा माणूस, म्हणजे चौ युन-फॅट, नकली नोटांच्या टोळीत असतो. त्यातलीच एक नोट तो जाळतो. दिग्दर्शक जॉन वू. इथपर्यंत काकू ऐकून घेतात. मग बरोबर आलेला भाचा विचारतो, "जॉन वू? अजून आहेत ते?" आहेत. १९४६ चा जन्म. "आणि अजून पिक्चर काढतात?" काढतात, आणि पुढचा येईल त्याची मी आत्तापासून वाट बघतोय. "ह्या वयात?" ह्यातलं वय त्यांचं की माझं, ते मी कधी विचारलेलं नाही.

तर हा तो प्रश्न. लग्नाचे व्हिडिओ करणारा माणूस ऐंशीच्या घरातल्या एका गोळीबारवाल्याच्या नव्या सिनेमाची एवढी वाट का बघतो? खरं उत्तर लांब आहे आणि त्याची सुरुवात माझ्या वडिलांच्या झोपेपासून होते.

वडील वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत होते. पहिली पाळी असली की साडेचारला उठायचे. घर दीड खोलीचं, टीव्ही त्यांच्या उशापासून चार हातांवर. तेव्हा रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने मिळायचा, बरोबर तीन कॅसेटी. एका गणपतीत आम्ही चुलतभावंडांनी पैसे काढून आणला. पहिल्या दोन कॅसेटी हिंदी होत्या, त्या नीट आवाज लावून बघितल्या. तिसरी लायब्ररीवाल्याने "मारामारी आहे, घेऊन जा" म्हणून दिलेली. ती लावली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, भावंडं आडवी झाली होती आणि वडिलांनी कूस बदलून एकच शब्द उच्चारला होता, "आवाज." मी आवाज शून्यावर नेला आणि एकटा बघत बसलो. खाली चिनी आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळी धावत होत्या. त्या वाचून होईपर्यंत पुढची यायची, म्हणून तो नादही सोडला.

सिनेमा होता १९८९ चा 'द किलर'. त्यात एक प्रसंग आहे. मारेकरी आणि त्याच्या मागावरचा पोलीस एकाच घरात समोरासमोर येतात. दोघांची पिस्तुलं एकमेकांच्या तोंडावर रोखलेली. घर एका गाणाऱ्या बाईचं, तिची नजर गेलेली. तिला वाटतं, जुने दोस्त भेटलेत. ती चहा करून आणते. हे दोघं पिस्तूल न हलवता एकमेकांभोवती फिरतात, तिच्यासमोर दोस्त असल्यासारखं बोलतात, आणि ती मधून चहा घेऊन चाललेली असते. तिला दिसत नव्हतं, मला ऐकू येत नव्हतं, पण त्या खोलीत काय चाललंय ते मला सगळं कळत होतं. कोण कुणाला घाबरतोय, कोण तिला जपतोय, कुणाचा हात आधी खाली येईल. मला हसू आलं आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडला. संवादाचा एक शब्द कळला नव्हता.

पुढे दोन वर्षांनी गोखले रोडवरच्या एका स्टुडिओत कामाला लागलो. काम काय, तर हॅलोजन धरायचा. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांवर उजेड मारायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. मग कॅमेरा हातात आला, मग व्हिडिओ मिक्सर, मग कॉम्प्युटर. तेव्हा कळलं की ह्या धंद्यात आवाज पहिल्यापासून शून्यावरच असतो. हॉलमधला खरा आवाज कुणी ऐकलाय? गुरुजींच्या माइकची शिट्टी, जनरेटर, रडणारं पोर, "सरका हो पुढून" म्हणणारे मामा. तो सगळा काढून आम्ही गाणं घालतो. म्हणजे तीन तासांची गोष्ट, चाळीसेक माणसं, आणि कुणालाच तोंड नाही. मुलीच्या वडिलांचा जीव कशात अडकलाय हे दाखवायचं तर त्यांच्या हातातला रुमाल पकडावा लागतो. हे मला कुठल्या क्लासमध्ये शिकवलं नाही. ते त्या रात्रीच्या कॅसेटमधून आलं.

लोक वूला हसतात ते मला माहीत आहे. स्लो मोशन, पांढरी कबुतरं, चर्चमधल्या मेणबत्त्या, पडता पडता दोन्ही हातांनी गोळ्या झाडणारा नायक. माझे उस्तादही लग्नाच्या कॅसेटमध्ये कबुतरं उडवायचे. मिक्सरवर बदामाच्या आकाराचा वाइप, म्हणजे एक दृश्य पुसून दुसरं आणायची युक्ती, आणि त्यावरून कबुतरांची जोडी. ते बघून आज मलाही हसू येतं. पण वूची कबुतरं उडतात तेव्हा मी हसत नाही, कारण त्याला त्यात जराही लाज वाटत नाही. दोन मित्रांपैकी एक मरतो तेव्हा दुसरा खरोखर रडतो. हल्लीचे मारामारीवाले रडायला लाजतात, मग विनोद करून मोकळे होतात. लग्नाच्या धंद्यातल्या माणसाला हे लाजणं परवडत नाही. पाठवणीच्या वेळी तुम्ही डोळे मिचकावलेत तर दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम परत द्यावी लागेल.

वूचं बालपण वाचलं की हा रडवेपणा कुठून आला ते थोडं कळतं. जन्म चीनमधल्या ग्वांगझूचा, लहानपणीच घर हाँगकाँगला आलं. वडील शिक्षक, पण क्षयामुळे काम सुटलेलं. आई बांधकामावर मजुरी करायची. १९५३ च्या नाताळात शेक किप मेइच्या झोपडपट्टीला आग लागली आणि एका रात्रीत पन्नास हजारांवर माणसं रस्त्यावर आली. त्यात हे कुटुंबही होतं. चर्चने हात दिला, मुलगा शिकला. पुढे शॉ ब्रदर्स ह्या सिनेमा कंपनीत दिग्दर्शक चांग चेह ह्यांच्या हाताखाली साहाय्यक झाला. चर्च, मेणबत्त्या आणि जीव देणारे मित्र पडद्यावर का येतात, ह्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मला आगीची एक ओळ पुरते.

आता लिफ्टबद्दल सांगायलाच हवं. त्याशिवाय धंद्यातला माणूस त्याच्यासाठी वेडा का, हे पटणार नाही.

१९९२ च्या 'हार्ड बॉइल्ड'मध्ये इस्पितळातली मारामारी आहे. चौ युन-फॅट आणि टोनी लिऊंग एका मजल्यावर गोळ्या झाडत पुढे सरकतात, लिफ्टमध्ये शिरतात, दार बंद होतं, दोघं बोलतात, दार उघडतं आणि दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच सुरू. अडीच मिनिटांच्या वर एकही कट नाही. गंमत अशी की लिफ्ट कुठे गेलेलीच नाही. दार बंद असलेल्या वीसेक सेकंदांत बाहेरच्या माणसांनी फुटलेल्या काचा, पडलेली माणसं सगळं आवरून त्याच जागेचा दुसरा मजला केला. मी हा भाग शेकडो वेळा बघितला असेन, आणि दर वेळी माझं लक्ष आतल्या दोघांपेक्षा बंद दाराकडे जातं. बाहेर झाडू घेऊन धावणारी पोरं मला दिसतात.

म्हटलं, आपणही करू. घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये नवरीची एंट्री. तळमजल्यावर ती मैत्रिणींबरोबर निघणार, लिफ्टमध्ये शिरणार, मी कॅमेरा घेऊन आत, वर दार उघडलं की मावसबहिणी दोन रांगांत फुलं उधळणार. सगळं ठरवलं, दोनदा चालून बघितलं. नवरी आत आली, करवली आत आली, दार बंद झालं. नवरीने आरशात नथ सारखी केली, करवलीने तिच्या शालूची निरी ओढून दिली. हे दोन्ही न सांगता झालं, सोनंच. लिफ्ट थांबली. दार उघडलं आणि समोर केटररचा पोऱ्या, दोन्ही हातांत मठ्ठ्याच्या बादल्या. त्याने नवरीकडे बघितलं, बादल्या तशाच धरून एक पाऊल मागे झाला आणि चक्क वाकून वाट दिली. मावसबहिणी दुसऱ्या लिफ्टसमोर उभ्या होत्या. मी कट केला नाही. त्या घरात आजही तो शॉट सगळ्यांना दाखवतात. पोऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही, पण त्याला "मठ्ठेवाले भावजी" म्हणतात.

असो. वाट बघण्याकडे येतो.

१९९३ पासून वू अमेरिकेत. तिथलं सगळंच मला आवडलं असं नाही. १९९७ चा 'फेस/ऑफ' मात्र मुंबईला जाऊन दोनदा बघितला, आणि त्याचं कारणही आवाजच. घरात तुफान गोळीबार चाललाय आणि मधे एक लहान मुलगा आहे. त्याच्या कानांवर हेडफोन चढवतात आणि बाहेरचा सगळा धडाका बुजून 'ओव्हर द रेनबो' सुरू होतं. थिएटरात मी शेजाऱ्याला कोपर मारला. आमचंच काम होतं ते, हॉलचा आवाज काढून गाणं टाकलेलं. २००३ च्या 'पेचेक'नंतर अमेरिकेतला खेळ आटोपला. तो परत गेला, चिनी इतिहासावर दोन भागांत 'रेड क्लिफ' केला, २०१० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. जीवनगौरव म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. शाल, श्रीफळ आणि आता बसा.

आणि मग वीस वर्षांनी बातमी आली की तो पुन्हा अमेरिकेत सिनेमा करतोय, 'सायलेंट नाइट', आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. नाताळच्या आदल्या दिवशी टोळ्यांच्या गोळीबारात मुलगा गेलेला बाप. त्याच्याही गळ्यात गोळी बसते आणि वाचा जाते. पुढे सगळं मुक्याने. बातमी वाचून मी खुर्चीतून उठलो, शटरपर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. दुसरं काय करणार? ह्या माणसाचा सिनेमा मी पहिल्यांदा जसा बघितला होता, तसाच तो आता काढणार होता.

बायको हसायची. जांभळी नाक्यावर भाजी घेताना मधेच विचारायची, "अहो, आले का तुमचे वू?" जणू कोकणातून पाहुणे यायचेत.

सिनेमा तिकडे १ डिसेंबर २०२३ ला लागला. तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या लोकांना घर दिसत नाही. त्या शुक्रवारी माझ्याकडे हळद आणि साखरपुडा दोन्ही होते. माझी पोरं रात्री सामान टाकून 'अ‍ॅनिमल'ला पळाली, तोही त्याच दिवशी आलेला. मी बॅटऱ्या चार्जिंगला लावत बसलो. शेवटी सिनेमा बघितला जानेवारीत, ह्याच खोलीत, ह्याच मॉनिटरवर, शटर अर्धं खाली ओढून.

कसा होता? अर्धा आवडला. बाप बदला घ्यायची तयारी करतो तो भाग लांबलाय, आणि पोरगा गेल्यावर घरात जो सन्नाटा हवा तिथे पार्श्वसंगीताने गर्दी केलीय. पण नवरा-बायको एकमेकांशी बोलू शकत नाहीत, त्या जागा त्याने बरोबर धरल्या आहेत. तिथे मी थांबवून मागे नेऊन बघत होतो. २०२४ मध्ये त्याने आपलाच 'द किलर' पॅरिसमध्ये पुन्हा केला, मारेकऱ्याच्या जागी बाई घेऊन. तो एकदा बघितला, पुरे झालं.

मग तरी पुढच्याची वाट का? भाच्याने हेच विचारलं होतं. मी त्याला गेल्या महिन्यातलं काम दाखवलं. चेंदणी कोळीवाड्यातलं लग्न, पाठवणी. रात्रीचे अकरा, बँडवाले थकलेले, गाडी फुलांनी भरलेली. नवरीचा बाप रांगडा माणूस, दिवसभर सगळ्यांवर ओरडत होता. गाडी सुटली तेव्हा त्याचा हात काचेवर होता. गाडी हलली आणि तो हात काचेबरोबर चार पावलं गेला, मग सुटला, आणि तसाच हवेत राहिला. त्या चार पावलांवर माझ्या पोराने नेहमीचं गाणं लावलं होतं. मी ते काढलं. हॉलचा आवाजही काढला. बारा सेकंद, काहीच नाही.

भाचा बघत राहिला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, आणि ते लग्न त्यांच्या नात्यातलं नव्हतं.

ज्यांचं होतं त्यांचा फोन दोन दिवसांनी आला. "दादा, व्हिडिओ एक नंबर झालाय. फक्त शेवटी आवाज गेलाय बघा. पेनड्राइव्ह खराब आहे का?"