थंडीत पोट साफ होत नाही? आधी पाणी मोजा

हिवाळ्यात पोट साफ होत नाही अशी तक्रार असेल, तर पहिला प्रश्न पाण्याचा. गारठ्यात तहान मंदावते आणि लघवी मात्र वाढते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. मग मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेतं आणि खडा होतो. त्यात चालणं-फिरणं घटलेलं, म्हणजे आतडीही सुस्त.

म्हणून तहानेवर विसंबू नका. लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं पाणी दिवसभरात विभागून प्या (हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच). कोमट पाणी थंडीत सहज पिववतं, म्हणून ते चांगलं. त्याने आतडी ‘धुऊन निघतात’ वगैरे काही नसतं.

चोथा (फायबर) रोज 25 ते 30 ग्रॅम हवा. सालीसकट एका सफरचंदात साधारण 4 ग्रॅम असतो, मध्यम पेअरमध्ये 5-6. घाई मात्र नको. एकदम वाढवला तर आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि पोट फुगतं. आठवड्याला 5 ग्रॅमने वाढवा.

इसबगोलात सगळ्यात जास्त चुका होतात. 5 ग्रॅम भुसा, म्हणजे अंदाजे एक मोठा चमचा, 240 मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. ठेवून दिला की त्याची खळ होते आणि मग घशाखाली उतरत नाही. वर आणखी एक पेला पाणी. कोरडा फाकू नये, घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. झोपायच्या तोंडावरही नको. इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवा. गुण यायला 12 ते 72 तास लागतात, त्यामुळे पहिल्याच सकाळी ‘काही झालं नाही’ म्हणून मात्रा दुप्पट करू नका.

न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतड्याला आपोआप चालना मिळते, ती वेळ चुकवू नका. कमोडवर पायाखाली 15-20 सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या. फोन बाहेर. मळात रक्त दिसलं, वजन विनाकारण उतरलं किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेलीच राहिली, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा.

थंडीत पोटासाठी आणखी दोन गोष्टी. सर्दीवर अँटिबायोटिक घेऊ नका. विषाणूवर ते चालत नाही, पोटातले उपयोगी जिवाणू तेवढे मारतं.

आणि नोरोव्हायरस. थंडीत उलट्या-जुलाबांची साथ बहुधा याचीच. हाताला लावायच्या अल्कोहोल जेलला तो फारसा दाद देत नाही. साबणाने 20 सेकंद हात चोळून धुवावे लागतात. ओआरएसचं पाकीट हाताशी नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा, रुग्णाला घोट-घोट द्या. मीठ शिगोशीग घेऊ नका. उलट्या-जुलाब थांबल्यावरही पुढचे 48 तास त्या व्यक्तीने इतरांसाठी स्वयंपाक करू नये.